हनुवटीखालचे ठिपके

काकू बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे नाही, खांद्यांकडे बघत. चहा उभ्यानेच घेत. कात्री कुणाच्या हातात देत नसत. टेबलावर ठेवून बोटाने पुढे सरकवत. गिऱ्हाइकाचं माप ओठातल्या ओठात म्हणत, पलीकडच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि फोटोची वेळ आली की त्यांना नेमकं काहीतरी आणायला आत जावं लागे.

शिवणाचं दुकान राहत्या घराच्या पुढच्या खोलीत होतं. एक मशीन, एक लांब टेबल, पडद्यामागे आरसा. अंगाने भरलेल्या बायका त्यांच्याकडे लांबून येत. "तुम्हाला काही झालेलं नाही," काकू म्हणत, "मागच्या शिंप्याने कापडात कंजुषी केली." बायका हसत आणि पोट आत ओढायचं विसरून जात.

वाचनालयात काम करणारी मुलगी अशीच आली. वार्षिक कार्यक्रमात तिला पहिल्यांदा स्टेजवर बोलायचं होतं, आणि तिचा सगळा जीव आपल्या दंडांत अडकला होता.

"काकू, चरबी कमी करायची इंजेक्शनं असतात. ऑपरेशन वगैरे काही नाही. घेऊ का दंडावर? मी वेळही घेऊन आलेय."

"घे की. मग मी बाह्या कुणाला घालू, खुर्चीला?" काकू म्हणाल्या. "वेडी का गं तू? धडधाकट अंगाला सुया टोचून घ्यायच्या? अशी बाही बसवते, की लोक नुसतं तुझं बोलणं ऐकतील."

मुलीने तिथेच उभं राहून फोन लावला आणि दवाखान्यातली वेळ रद्द केली. काकूंनी टेप गुंडाळली. त्यांची स्वतःची वेळ त्याच आठवड्यातली होती.

निमित्त एका फोटोचं. मुलाने दुकानाच्या जाहिरातीसाठी काढलेला. मशीनवर वाकलेल्या काकू, बाजूने. हनुवटी कुठे संपते आणि गळा कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. "झकास आलीयस, आई," मुलगा म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. तेव्हापासून काकू मशीनवर ताठ बसू लागल्या आणि त्यांची पाठ धरू लागली.

घरी त्यांनी दाढेचं कारण सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी हनुवटीखाली पेनाने ठिपके काढले, ओळीत, सारख्या अंतरावर. हात साफ होता. काकूंना बरं वाटलं. मग ठिपक्याठिपक्याला सुई. नुसती आग. "सूज येईल, घाबरू नका. एकदा घेऊन भागत नाही, महिन्याने परत या." नर्स ठिपके पुसायला कापूस घेऊन आली, तर काकूंनी तिचा हात धरला.

"राहू दे. काम अर्धवट असताना खुणा पुसू नयेत."

"अहो काकू, पुढच्या वेळी नव्या काढतात."

"असू देत तरी."

नर्स हसली. काकू गळ्याला स्कार्फ गुंडाळून घरी आल्या. अंघोळीतही त्यांनी तेवढ्या भागाला साबण लावला नाही.

हनुवटी टम्म फुगली. काकांनी दुधात पाव कुस्करून वाटी आणून दिली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दूध उतू न घालवता तापवलं होतं. "कोणत्या बाजूची गं?" त्यांनी विचारलं. काकूंनी डावा गाल दाखवला. दुसऱ्या दिवशी उजवा. काकांनी वाटीत आणखी दूध घातलं. तो मऊ पाव काकूंनी वाटीत तसाच ठेवला.

सूज अर्धीमुर्धी ओसरली आणि मुलगी फिटिंगला आली. एक बाही शिवून झाली होती आणि सुंदर बसली होती. काकू खाली बसून घेराला टाचण्या लावत होत्या. स्कार्फ सैल झाला होता. "लांबी बघ गं," म्हणत त्यांनी मान वर केली.

मुलगी आरशात बघत नव्हती.

"काकू, गळ्याला काय लागलंय?"

"शाई असेल."

"ओळीत?"

काकूंनी आणखी एक टाचणी उचलली. मुलगी हळू म्हणाली, "मला दवाखान्यात चित्र दाखवलं होतं. असेच ठिपके होते."

"दाढेचं आहे ते," काकू म्हणाल्या.

त्यांना स्वतःलाच आपला आवाज ऐकवेना. मुलगी त्यांच्याजवळ वाकली.

"फार दुखतं का? दाढेचं?"

"आग होते."

"बरं." ती पडद्यामागे गेली, टाचण्या सांभाळत ड्रेस उतरवून घेऊन आली. "दुसरी बाही राहू द्या सध्या. मी आधी दंडाचं बघते."

"रागावलीस?"

"नाही हो. मला वाटलं, तुम्हाला खरंच तसं वाटतं."

खरंच वाटतं, तुझ्याबद्दल. असं काकूंना म्हणायचं होतं. प्रत्येक बाईबद्दल वाटत होतं. स्वतःला तेवढं वगळून. हे कुठल्या तोंडाने सांगणार? मुलगी चपला घालून निघूनही गेली.

काकूंनी साबणाने गळा घासला. कातडी लाल झाली, तेव्हा काका दारात उभे होते.

"दाढ नव्हती," काकू म्हणाल्या.

"वाटलंच. बाजू बदलत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तू लपवत होतीस. म्हटलं, लपवू दे."

ते टॉवेल देऊन आत गेले. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर काकूंना सोपं गेलं असतं.

पुढच्या महिन्यात त्या दवाखान्यात गेल्या नाहीत. मुलीला मात्र फोन केला. "एकदा येऊन जा गं."

"येते ना, काकू. इंजेक्शनं झाली की. माप बदलेल, तेव्हाच घ्या."

"अगं, ऐक..." काकू म्हणाल्या. मुलगी थांबली, ऐकायला. काकूंनी कार्यक्रमाची चौकशी केली आणि फोन ठेवला.

कार्यक्रमात ती जुन्या, मनगटापर्यंतच्या बाह्यांच्या ड्रेसमध्ये उभी राहिली. छान बोलली म्हणे. काकू गेल्या नव्हत्या.

ड्रेस एका बाहीनिशी दुकानात टांगलेला आहे. दुसऱ्या बाहीचं कापड टेबलाच्या टोकाला घडी घालून ठेवलंय. काकू त्याच्यावर दुसरं काम ठेवत नाहीत. ते कापतही नाहीत.