बाहेर उघडणारं दार

वसईची विल्मा अबुधाबीच्या ऑफिसात बसून हिमालयातल्या बोगद्याचे नकाशे तपासायची. अपघात झाला तर लोकांनी ज्या दारातून पळायचं, ते बाहेर उघडणारं होतं आणि वर छप्परही नव्हतं. बर्फ साचला की दार गच्च! तिनं नकाशावर सही करायला नकार दिला.

"वसईत कधी पडला गं बर्फ?" तिचे बॉस उल्हास सर हसले. "यल्ला, चल लवकर, सही कर."

"बर्फ नाही, सर, वाळू पाहिलीय. इथल्याच एका वादळात साइटवरच्या केबिनचं बाहेर उघडणारं दार वाळूनं दाबलं आणि आम्ही सहा जण दुपारभर आत कोंडलो. तेव्हा आग लागली असती तर?"

"दुसरा कुणीतरी करेल सही. तू बस घरी."

"बसते की! पण आधी माझा नकार क्लायंटकडे जाणार," म्हणत तिनं त्यांच्यासमोरच मेल पाठवला.