डब्ब्यात चार्जर नाही, अन् म्हणे कचरा वाचते

मागेच म्हटलं होतं, हे फोनवाले कचऱ्याच्या नावानं आपल्याले बनवून राहिले. तेव्हा तुम्ही मलेच हसले. आता आजचं ऐका.

मी सुरतेत कामाले आहो, माय आसगावले एकटी. काल मामानं पवनीतून तिले पहिला स्मार्टफोन घेऊन दिला. आज सकाळी व्हिडिओ कॉलवर तिचं तोंड पाहिलं, अन् बोलता बोलता फोन बंद. बॅटरी संपली. डब्ब्यात चार्जरच नाही!

मामानं आपल्या फोनवरून दुकानदाराले विचारलं. तो म्हणे, "घरोघरी जुना चार्जर पडून असते भाऊ. कचरा वाचते."

मायनं जुना बटनवाला फोन चार्जरसकट भांडेवालीले देऊन स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, घेतला. "नव्या डब्ब्यात येतेच ना रे बाबू," म्हणे. अन् तो बारीक पिनचा चार्जर याले लागलाही नसता.

ज्याच्या घरी चार फोन, त्याचं चालते. मायच्या घरी हा पहिलाच स्मार्टफोन. आता चार्जर वेगळा, त्याचा डब्बा वेगळा, प्लास्टिकची पन्नी वेगळी. मग कचरा कमी कुठं झाला? तुमच्याकडे झाला असन तर सांगा.

मामा, तुम्हीही हे वाचत असान, तर चार्जर स्वस्तातला घेऊ नका, तो लवकरच कचऱ्यात जाते. माय बंद फोन हातात धरून बसली आहे. हजार रुपये पाठवून राहिलो.