बालवाडीच्या दारावरची यादी

बोरिवलीच्या जंगलातल्या एका वारली पाड्यावर आम्ही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासासाठी रक्त तपासत होतो. पाड्याच्या बैठकीत बायकांनी एकच अट घातली होती, की अहवाल ज्याचा त्यालाच द्यायचा. मी हो म्हटलं आणि फॉर्मवर अंगठे घेतले.

अहवाल आले त्या दिवशी मला मुलुंडला मीटिंग होती. घरोघर फिरायला वेळ नव्हता. म्हणून मी सगळ्यांच्या नावांची यादी केली, दोष निघालेल्यांपुढे लाल खूण केली आणि बालवाडीच्या दारावर चिकटवली. अर्ध्या तासात काम उरकलं म्हणून मी खूशही झाले.

लाल खूण असलेल्या एका मुलीचं लग्न ठरलेलं होतं. ती नुसती वाहक होती, आजारी नव्हती. तरी चार दिवसांत सोयरीक मोडली. मुलीची आई मला एवढंच म्हणाली, "आता तूच जा त्यांच्याकडे."

मी शेजारच्या पाड्यावर मुलाच्या घरी गेले. त्याच्या आईला म्हटलं, "मुलगी ठणठणीत आहे. तुमच्या मुलाचं रक्त तपासू. तो वाहक नसेल तर पुढे मुलांना हा आजार होणार नाही."

"आणि त्याचं नाव कोणत्या दारावर लावशील गं?"

"नाही लावणार. फक्त तुम्हालाच सांगेन."

ती हसली. "तिच्या आईलापण असंच सांगितलेलंस ना?"

मुलाने रक्त दिलं नाही. पावसाळ्याआधी त्याचं दुसरीकडे लग्न झालं.