हौदाचं गणित

माझ्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही. ते लोकल बोर्डाच्या शाळेचे हेडमास्तर. हेडमास्तर म्हणजे काय, शाळेत तेवढे एकच मास्तर. उत्तर चुकलं की ते म्हणायचे, "पुन्हा." जमलं की म्हणायचे, "पुढे." शाबासकी वगैरे भानगड त्यांच्याकडे नव्हती. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरीही तोच कारभार. भाकरी करपली, पुन्हा. भाकरी फुगली, पुढे. मी त्यांच्यावर धुसफुसायची, आणि हुबेहूब बापासारखी होत चाललीय म्हणून परगावची आत्या आली की माझ्यावर धुसफुसायची.

त्या साली मी मराठी सातवीला होते आणि व्हर्नाक्युलर फायनलला बसणार होते. वर्गात सहा पोरं आणि मी. आत्याने माझ्यासाठी एक बिजवर हेरून ठेवला होता. चाळिशी उलटलेला, मिशीला कलप लावणारा. आबांनी तिच्याशी तह केला होता: पोरगी फायनल पास झाली तर पारोळ्याच्या मुलींच्या शाळेत नोकरी, नाही झाली तर वैशाखात लग्न. पोरं पास होण्यासाठी अभ्यास करत होती. मी त्या मिशीपासून सुटण्यासाठी करत होते.

आणि नेमके पौषात गावात उंदीर पडायला लागले.

उंदीर पडले म्हणजे प्लेग आला, आणि मग काय करायचं हे तोवर लहान पोरालाही ठाऊक झालं होतं. आठ दिवसांत गाव रिकामं झालं. सगळे रानात तुराट्यांच्या झोपड्या घालून राहिले. शाळाही रानात आली. वरून हुकमांवर हुकूम येत होते. ज्याच्या घरात गाठ निघाली त्याने वर्गात यायचं नाही. पोरांना हातभर अंतरावर बसवायचं. एकाची पाटी दुसऱ्याने वापरायची नाही. आबा हुकूम वाचायचे, खांबाला टोचायचे आणि कामाला लागायचे. पाट्या अर्ध्या घरातच राहिल्या होत्या, तिकडे जायला बंदी. मग आबांनी जमीन सारवून तिच्यावर माती पसरली, प्रत्येकाला आपापला चौकोन आखून दिला आणि आम्ही सातवीतली घोडी बोटाने मातीत त्रैराशिकं सोडवू लागलो. वारा आला की उत्तर गायब. आबा म्हणायचे, "पुन्हा."

दिवसभर तीच पाच-पन्नास झोपड्यांची ओळ, तोच धूर, तीच रड. पलीकडच्या गावचे लोक आमच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हते. मला वाटायचं, कोणी तरी टोपल्याखाली कोंबडी झाकावी तसं आम्हाला झाकून ठेवलंय आणि विसरून गेलंय.

परीक्षेचं केंद्र धुळ्याला होतं, आणि लागण झालेल्या गावच्या पोरांना तिथे पाय ठेवायला मनाई. मी दोन दिवस जेवले नाही. पण आबांनी शाळाखात्याच्या दिपोटी साहेबांना अर्जांवर अर्ज धाडले आणि काय चमत्कार, साहेबांनी तोड काढली. पोरं येऊ शकत नाहीत तर परीक्षक गावाच्या शिवेवर येईल. तिथेच पेपर घेईल, कागदांना गंधकाची धुरी देईल आणि त्याच दिवशी परत नेईल. अट एकच, बसणाऱ्या प्रत्येकाने टोचून घेतल्याचा दाखला हवा. टोचणारा डॉक्टर आला तेव्हा त्याच्याकडे औषध पुरतं सात जणांचंच उरलं होतं. आम्हा सातांना टोचलं. आबा म्हणाले, "माझं पुढच्या खेपेला." हुकमात मास्तरांसाठी ओळच नव्हती.

परीक्षा गुरुवारी होती. मंगळवारी गावाने शीव बांधली.

हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. रोगराई हटेना की भगत गावाच्या शिवेभोवती दुधाची धार धरतो, वाटांवर लिंबाच्या डहाळ्या आडव्या टाकतो आणि त्या मंगळवारापासून पुढच्या मंगळवारापर्यंत आतलं बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही. माणूस नाही, जनावर नाही, दाणा नाही. जो मोडेल त्याच्या माथी पुढचं प्रत्येक मरण. आबा पाटलांकडे गेले. पाटील भला माणूस. म्हणाला, "मास्तर, तो साहेब तिकडे बसी, पोरं इकडे बसतीन. तो बोली, ह्या लिखतीन. आवाजले काय शीव शे?"

आबा खुशीत परतले. आणि इथेच दोन शहाण्या माणसांनी मिळून एक चूक केली. कागद पलीकडे कसे जाणार, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. आबांनी धरलं, सरकारी कागद म्हणजे टपाल, त्याला कोण अडवतंय. पाटलाने धरलं, कागद मंगळवारी शीव सुटल्यावर जातील, घाई कसली.

गुरुवारी कोरड्या नाल्याच्या त्या काठाला परीक्षक, या काठाला आम्ही. मध्ये लिंबाच्या डहाळ्या. तो प्रश्न ओरडून सांगायचा, आम्ही लिहायचो. आबा मागे उभे, तोंडाला जणू कुलूप. सगळं गाव तमाशाला बसावं तसं बसलं होतं. गणिताच्या पेपरात हौद आला. एका नळाने चार तासांत भरतो, दुसऱ्या नळाने सहा तासांत रिकामा होतो, दोन्ही उघडे ठेवले तर किती तासांत भरेल? मी झरझर सोडवून टाकलं.

दिवस कलायला आला तसं परीक्षकाने गंधकाची शेगडी पेटवली आणि म्हणाला, "आणा कागद."

पाटील उठला. "मंगळवारी."

मग जी जुंपली! परीक्षक म्हणे, कागद आजच्या आज गेले नाहीत तर पेपर रद्द. भगत म्हणे, एक चिटोरं पलीकडे गेलं तरी देवी कोपेल. आबा दोघांच्या पाया पडायचे बाकी राहिले. मग त्यांचे खांदे उतरले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक वर्ष गेलं तर गेलं."

गेलं तर गेलं! यांचं काय जात होतं? मला ती कलप लावलेली मिशी दिसली. सातही जणांचे कागद माझ्या मांडीवर होते, मी गठ्ठा बांधत होते. मी उठले आणि चालायला लागले. कोणी तरी ओरडलं, "थांब व बाई, पाय नको टाकू!" मी डहाळी ओलांडली, नाला ओलांडला आणि गठ्ठा शेगडीपाशी ठेवला. मागे एक म्हातारी छाती बडवत होती, "बठ्ठं गाव बुडाई टाकं या पोरनी!" तिच्या नातवाचा पेपरही त्याच गठ्ठ्यात होता.

परीक्षक कागद घेऊन गेला. मला जवळच्या पारोळ्यात जाऊ देईनात, कारण मी प्लेगच्या गावची. गावात घेईनात, कारण मी शीव मोडलेली. राहिली नाल्यापलीकडच्या नाक्यावरची झोपडी, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांना तपासायला एक शिपाई आणि त्याची बायको राहत होती. त्या बाईने मला कोपरा दिला, भाकरी दिली. इतके दिवस आत कोंडलंय म्हणून रडत होते, आता बाहेर कोंडलं.

शुक्रवारी आबा नाल्याच्या गावाकडच्या काठाला आले. एक अक्षर बोलले नाहीत, बघून गेले. मला वाटलं, रागावलेत. मीही बोलले नाही. मीही त्यांचीच लेक.

शनिवारी पुन्हा आले. डावा हात अंगापासून लांब धरला होता. मी म्हटलं, "हाताला काय झालं?" म्हणाले, "लाकडं फोडताना चमकला." मग ओरडून एकेक प्रश्न विचारत गेले, काय लिहिलंस, काय लिहिलंस. मी सांगत गेले. ते म्हणत गेले, पुढे, पुढे. शेवटी म्हणाले, "हौदाचं?"

मी म्हटलं, "दोन तास चोवीस मिनिटं."

ते जरा थांबले. मग म्हणाले, "बरोबर."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. मला इतका आनंद झाला की मी नाल्याच्या काठावर टुणकन उडी मारली. ते हसले. आणि वळून हळूहळू झोपड्यांकडे गेले.

रविवारी आले नाहीत. सोमवारी दुपारी गावाच्या अंगाला धूर दिसला. शिपायाची बायको मला म्हणाली, "तू आत बस, तिकडे बघू नको." तिला ठाऊक होतं, काखेत गाठ आली की माणूस हात तसा लांब धरतो. मंगळवारी शीव सुटली तेव्हा आत जाऊन मला भेटायचं असं कोणी उरलं नव्हतं.

गावाने मला दोष दिला. मीही दिला, स्वतःला आणि त्या हुकमाला, ज्यात मास्तरांसाठी ओळ नव्हती. राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

मी पास झाले. जेमतेम, पण झाले. सहाही पोरं झाली. मिशीवाल्याने दुसरी बघितली आणि मला पारोळ्यात मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. पहिल्याच पावसाळ्यात एक दिवस मी फळ्यावर हौदाचं गणित लिहिलं. पुढच्या रांगेतली एक चुणचुणीत पोर उठली आणि ठणकावून म्हणाली, "दोन तास चोवीस मिनिटं, बाई."

मी म्हटलं, "अगं ठोंबे, नुसत्या पहिल्या नळाला चार तास लागतात. दुसरा तर हौद रिकामा करतोय. मग दोन तासांत भरेल कसा? बारा तास. पुन्हा."

आणि मग मला नाल्यापलीकडून आलेलं ते "बरोबर" आठवलं. पोरी बघत राहिल्या. खडू हातात घेऊन मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, तास संपेपर्यंत.