हातभर आखडलेलं दावं

रेडकू मेलं तेव्हा त्याचं तोंड म्हशीच्या सडापासून हातभर लांब होतं. जीभ बाहेर — माती चाटून काळी झालेली. म्हैस दाव्याला हिसके देत होती. ते हातभर अंतर मी ठेवलं होतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मालकांना नाही, लेकालाही नाही.

तुम्ही म्हणाल, एक रेडकू — त्यात काय एवढं? आमच्या सेनगावाकडं म्हशीला वगार, म्हणजे मादी, झाली तर तिला पाजतात. रेडा झाला तर पान्हा फुटेपर्यंत सडाला लावायचा, मग ओढून बाजूला बांधायचा. दूध डेअरीला. तो आपोआप जातो. कुणी मारलं असं होत नाही. मी असे किती घालवले? मोजले नाहीत.

पण त्या वेळी घरात सून होती, मंदा. तिचं लेकरू अंगावर पीत होतं. ती म्हणाली, "आत्याबाई, एक सड तरी ठेवा त्याला."

"काहून? नांगराला जुंपतीस का? ट्रॅक्टर हाय दारात. लई माया आली असंल तर तूच पाज!"

शेजारच्या बाया हसल्या. पण मंदा चोरून त्याला म्हशीखाली सोडू लागली. मला ते दिसलं. मग मी दावं आखडलं आणि तिला गोठ्यात येऊ दिलं नाही.

रेडकू गेलं, म्हशीनं पान्हा चोरला. थेंब देईना. मालक भडकले — कुणामुळं मेलं? मी काय केलं? सगळ्यांसमोर मंदाकडं बोट दाखवलं. "हिनं चोरून जास्तीचं पाजलं. हगवण लागली त्याला."

तिला नाही म्हणता येईना. पाजलं तर होतंच ना तिनं!

मालकांनी रेडकाचं कातडं काढून घेतलं, वाळवलं, त्यात सोयाबीनचं कुटार, भुसा, भरलं. ते सोंग म्हशीपुढं धरायचं काम — मी मंदालाच दिलं. म्हैस ते चाटायची आणि पान्हा सोडायची. मंदा तोंड फिरवून उभी. मी खाली बसून धार काढायचे. रोज. खरं बोलायला काय झालं होतं मला?

मंदा आता जनावराला हात लावत नाही. म्हणते, माझ्या हाताला यश न्हाई. रेडकू आपल्यामुळं मेलं असं ती अजून समजते.

ती याच घरात आहे. मीही.