दिघीची हिरवी बुरशी

“कशावरून?” हा तिचा आवडता प्रश्न. आज गाडीला उशीर होणार म्हटलं, तरी कशावरून. भाजीवालीचीही त्यातून सुटका नव्हती. “मुळे ताजे कशावरून?” भाजीवाली म्हणायची, “बाई, सकाळीच मळ्यातनं उपटल्यात. माती बी हाय बघा.” मग माझी ही मैत्रीण मुळे घ्यायची आणि त्यांची माती झटकून, पुडीत बांधून प्रयोगशाळेत आणायची.

तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील. त्यांचा वैताग येतो आणि त्यांना सोडवतही नाही. पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना नवा होता तेव्हाची गोष्ट. तिथल्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी एम.एस्सी.चं संशोधन करत होतो. ती मातीतून औषधी बुरशी शोधायची. जवळच्या दिघी गावच्या माळावर माती उकरताना एका म्हाताऱ्याने तिला हटकलं, “पोरी, सोनं हुडकतीस व्हय?”

“नाही मामा, औषध.”

“मातीत?” म्हातारा बराच वेळ हसत राहिला.

त्याच मातीतून हिरवी बुरशी उगवली. काचेच्या बशीत गळवाचे जंतू दाट वाढले होते, पण या बुरशीभोवती ते मरून स्वच्छ कडं पडलं होतं. आमच्या मार्गदर्शक सरांनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि पेढे मागवले. प्रबंध टंकून झाला. मार्चअखेर तिची शिष्यवृत्ती संपायची होती, त्याच्या आत सगळं जमलं म्हणून आम्ही खुशीत होतो.

तिला मात्र चैन नव्हतं. “ही दिघीची कशावरून?” ती म्हणाली. तिने तीच माती भट्टीत जीवजंतू उरणार नाहीत इतकी भाजली आणि नेहमीसारखी बशीत पसरली. चार दिवसांनी तीच हिरवी बुरशी वर आली. मग तिने कोऱ्या बशीवर स्वतःचा पदर झटकला. तिथेही तीच.

ती बुरशी दिघीची नव्हतीच. पेनिसिलीनसाठी कारखान्यात वाढवत होते, तीच हवेतून आमच्या कपड्यांवर बसत होती. आम्ही रोज कारखाना अंगावर घेऊन घरी जात होतो.

प्रयोगशाळेतला एकजण म्हणाला, “अगं, परीक्षक मुंबईचे. त्यांना काय कळतंय?”

“मला कळलंय ना,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून तिने चूक फळ्यावर मांडली. एकही वाक्य तिने गाळलं नाही. सर हलकेच म्हणाले, “पदवी जाईल, बाळ.”

“हो सर.”

इतकं धाडस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

साताऱ्याकडून तिचे वडील न्यायला आले. धोतर-टोपीतले शाळामास्तर. फलाटावर त्यांनी विचारलं, “पदवी?”

“नाही, अण्णा. माझं चुकलं होतं. ते मीच शोधलं.”

अण्णांनी तिच्या हातची ट्रंक घेऊन स्वतःच्या खांद्यावर ठेवली.

पुढल्या वर्षी माझी तोंडी परीक्षा झाली. माझ्या प्रत्येक मातीशेजारी भाजलेल्या मातीची एक बशी होती. परीक्षक खूश झाले. “ही पद्धत कुणाकडून घेतलीत?” मी तिचं नाव सांगितलं.

“त्यांचा प्रबंध वाचायला हवा,” ते लिहून घेत म्हणाले. “कुठे मिळेल?”

“त्यांनी तो दिलाच नाही,” मी म्हणाले.