माहुलाचा नाडा

केशवरावांनी धुऱ्यावरची, शेताच्या बांधावरची अंबाडी काढून तिथेही कापूस लावला, तेव्हापासून त्यांची बायको माणिकबाई हिचा जीव थाऱ्यावर नव्हता. अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस थांबलेला. कापसाला कधी नव्हे तो भाव. परतवाड्याच्या आसपास जो तो धुरे नांगरून बसला. अंबाडी गेली तसे तिच्या वाखाचे दोरही गेले, हे मात्र कुणाच्या ध्यानात नव्हतं. माणिकबाई भाकरी थापता थापता उठायची अन् विहिरीवर जाऊन मोट ओढायचा दोर, तो नाडा चाचपायची. पीळ सुटत चालला होता. वांगी फुलावर, कांदा नुकताच लावलेला.

एके सकाळी नाडा तुटलाच. तिने तडक परतवाड्याचा बाजार गाठला. मेळघाटात झाडांवर चढणारी माहुलाची वेल असते, मांडीएवढी जाड. तिच्या सालीचे दोर तिथले कोरकू आदिवासी बाजारात आणत. तुटलेल्या नाड्याला लावून मापाबरहुकूम तिने नाडा घेतला.

दुसऱ्या सकाळी मोट छान चालली. दुपारपर्यंत भिजलेला माहुल ताठला, आक्रसला, अन् मोट पाण्याच्या वरच लोंबकळू लागली. जोड द्यावा तर गाठ विहिरीवरच्या चाकावरून सरकेना.

शेजारचे नत्थुजी काठावर टेकले. "वैनी, इहीर खोल गेली काय?"

"इहीर जागच्या जागी हाये. दोर पाण्याले भेला."

ती बोलली अन् थबकली. पाण्याला भिणारा दोर कोरड्यात तर चालेल!

अंगणात अमरावतीला निघालेली कापसाची गाडी भरून उभी होती, अंबाडीच्या जुन्या लांबलचक दोराने आवळलेली. माणिकबाई गाठी सोडू लागली.

केशवराव धावत आले. "काय करून राहिली?"

"दोर नेऊन राहिली. माहुल वाळू द्या, थो बांधा गाडीले."

"अन् आजचा भाव उतरला तं?"

"कापूस उद्या बी कापूसच राह्यते. वांगं उद्या वाळलं, तं त्याले कोण भाव देईन?"

केशवराव गाडीला वळसा घालून गेले. मग त्यांनीच पलीकडची गाठ सोडली.

अंबाडीला तीनपदरी पीळ घालून तिने दिवस मावळायच्या आत मोट पाण्यात सोडली. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या माहुलाने आवळलेली गाडी निघाली. केशवराव प्रत्येक खड्ड्याला मागे वळून बघत होते. माहुल ढिला पडला नाही.

पुढच्या पेरणीला माणिकबाईने आधी धुऱ्यावर अंबाडी टाकली, अन् मगच सरकीची टोपली नवऱ्याच्या हाती दिली.